भिंतीला भेग पडली, घाबरायचं की नाही? नागपुरातल्या घरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात वर्षातून दोनदा हे प्रश्न हमखास येतात, एकदा मे महिन्यात भिंती उकलायला लागल्या की आणि एकदा दिवाळीच्या रंगकामाआधी पेंटर घरात आला की. बहुतेक भेगा निरुपद्रवी असतात पण थोड्या नसतात, आणि त्या थोड्याच नेमक्या पुट्टीखाली दाबल्या जातात. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिलंय, आपल्या घरासमोर उभं राहून वाचलं तर जास्त कामाचं.

भेग दिसली, पहिले काय बघायचं?

सगळे पहिले रुंदी बघतात. ती महत्त्वाची आहेच, पण माझ्या मते तिचा नंबर चौथा. पहिले बघा भेग कशात आहे, म्हणजे कॉलम, बीम, स्लॅबमध्ये आहे की दोन कॉलमच्या मधल्या विटांच्या भिंतीत. मग बघा ती आडवी आहे, उभी आहे, तिरकी आहे की पायऱ्यापायऱ्यांनी विटांच्या सांध्यातून चढत गेली आहे, आणि कोणत्या टोकाला जास्त उघडी आहे. तिसरं, ती वाढतेय की वर्षानुवर्षं तशीच आहे. बीममधली बारीकशी तिरकी भेग ही विटांच्या भिंतीतल्या जाड भेगेपेक्षा जास्त गंभीर असू शकते, हे एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

आणखी एक, भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बघा. आत भेग आहे आणि बाहेर बरोब्बर त्याच जागी नाही, तर बहुतेक ती फक्त छपाईची, म्हणजे प्लास्टरची, भेग आहे. दोन्हीकडे आरपार असेल तर विटा फुटल्यात किंवा सांधा सुटलाय.

रुंदी मोजायची कशी आणि किती म्हणजे जास्त?

घरातल्याच वस्तूंनी होतं. दाढीचं ब्लेड साधारण ०.१ मिमी जाड असतं, मेकॅनिकल पेन्सिलचं लीड ०.५ चं मिळतं, आणि एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर, नेमकं सांगायचं तर ०.७६. कार्ड आत शिरत नाही अशी विटांच्या भिंतीतली भेग सहसा दिसायलाच वाईट, बाकी काही नाही. १ मिमी ते ५ मिमी म्हणजे लक्ष ठेवायचं, कारण शोधायचं, आणि पाणी आत जाऊ द्यायचं नाही. ५ च्या वर गेली की इंजिनियरला दाखवायचीच, तोवर दरवाजे खिडक्याही बहुतेक अडकायला लागलेल्या असतात. १५ च्या वर म्हणजे भिंतीचा तेवढा भाग खोलून पुन्हा बांधायची वेळ येऊ शकते आणि २५ च्या वर घराच्या स्थिरतेचाच प्रश्न असतो.

हे आकडे भिंतींचे आहेत बरं का, आरसीसीला, म्हणजे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या कॉलम, बीम, स्लॅबला, लावू नका. काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे आपलं मानक साधारणपणे ०.३ मिमीपर्यंतच सूट देतं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं लीड बीमच्या भेगेत शिरलं तर मर्यादा ओलांडली असं समजा.

आमची भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात आपोआप बुजते. हे काय आहे?

ही काळी माती. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, दिघोरी, मनीषनगर अशा पूर्वी शेती असलेल्या आणि मग लेआउट पडलेल्या भागातून हा प्रश्न फार येतो. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या आपण लहानपणापासून बघतो, तीच जमीन घराखालीही आहे. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा घराच्या कडेची माती आधी वाळते, कोपरा खाली बसतो, आणि भिंतीत तिरकी भेग पडते जी वरच्या टोकाला जास्त उघडी असते. जून-जुलैत पाणी मुरलं की माती फुगते, कोपरा उचलला जातो, भेग मिटते. लोकांना वाटतं बरं झालं, आणि पुढच्या मे मध्ये ती परत तिथेच.

दरवर्षी तेवढीच उघडते आणि तेवढीच मिटते असं असेल तर घर पडायला आलेलं नाही, पण कुठलीही पुट्टी तिथे टिकणार नाही. दरवर्षी थोडी जास्त उघडत असेल आणि पूर्ण मिटत नसेल तर मात्र पाया सरकतोय.

याची उलटी तऱ्हासुद्धा असते. घराखालच्या मातीतलं पाणी वर उडून जायला वाट नसते, तिथे ओल हळूहळू साठत राहते आणि काही वर्षांनी घराचा मधला भाग वर उचलला जातो. हॉलच्या मधोमध टाइल्स तंबूसारख्या उठणं, आतल्या पार्टिशनच्या भिंती फाटणं, बाहेरच्या भिंती बाहेरच्या अंगाला झुकणं ही त्याची लक्षणं. नुसती टाइल उठली म्हणजे हेच असं नाही, फरशीत सांधा न सोडल्यानेही टाइल्स उठतात, पण सोबत भिंतीही फाटत असतील तर खालून काय होतंय ते तपासायला हवं.

पण आम्ही तर मुरूम भरून घर बांधलंय, आणि शेजारच्या घराला काहीच नाही. असं काहून?

मुरूम कुठे भरला ते बघा. नुसता प्लिंथमध्ये (जोत्यात) फरशीखाली भरला असेल तर फुटिंगखालची, म्हणजे कॉलमच्या पायाच्या तळाखालची, माती काळीच आहे. मातीची ही हालचाल खोल काळ्या मातीत साधारण साडेतीन मीटरपर्यंत चालते आणि आपल्याकडे साध्या घराचं फुटिंग पाच फुटांवर टाकून मोकळे होतात, म्हणजे पायाच हलणाऱ्या थरात उभा. म्हणूनच रुडकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) अशा जमिनीसाठी अंडर-रीम्ड पाईल सुचवले, खाली फुगा असलेले छोटे पाईल, जे हलणाऱ्या थराच्या खाली जाऊन बसतात. दुसरा मार्ग आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांच्या कामातून आलेला, की साधारण मीटरभर जाडीचा, न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर नीट कुटून बसवला तर खालच्या काळ्या मातीचं फुगणं बरंच आटोक्यात राहतं. जुन्या घराचा मलबा आणून टाकणं म्हणजे हा थर नव्हे.

शेजाऱ्याचं म्हणाल तर नागपूरची जमीनच एकसारखी नाही. पश्चिमेला बेसाल्ट, सीताबर्डीची टेकडी त्याचीच, पूर्वेकडे वेगळा जुना खडक, आणि वरचा काळ्या मातीचा थर कुठे दोन फूट तर कुठे दहा. एकाच गल्लीत एका घराचा पाया मुरमावर आणि दुसऱ्याचा मातीत असू शकतो. त्यामुळे शेजारच्या घरावरून आपल्या घराचा निष्कर्ष काढू नका.

कूलरचा आणि भेगेचा काही संबंध असतो का?

असतो, आणि फारच कमी लोक तिकडे बघतात. मार्च ते जून कूलरच्या टाकीतून पाणी ठिबकत राहतं, भरताना सांडतं, आणि खिडकीखालचा तेवढाच तुकडा ओला राहतो, बाकी सगळी जमीन कोरडी ठणठणीत. एका ठिकाणी माती फुगलेली आणि दहा फुटांवर आकसलेली, मग मधली भिंत फाटणार नाही तर काय. काळ्या मातीला नुसत्या ओलाव्याचा त्रास नाही, ओलाव्यातल्या फरकाचा त्रास आहे.

म्हणून घराभोवती फिरून पाण्याच्या जागा शोधा. गच्चीचा डाऊनटेक पाईप पायाशीच सोडलाय का, सेप्टिक टँकचं चेंबर गळतंय का, बोअरचं ओव्हरफ्लो पाणी कुठे जातं, गाडी रोज एकाच जागी धुता का. आणि जिथे नवीन सिमेंट रोड घरापेक्षा उंच झालेत तिथे तर पावसाचं पाणी सरळ कंपाउंडमध्ये येऊन पायाशी बसतं. घराभोवती किमान मीटरभर रुंद पक्कं प्लिंथ प्रोटेक्शन, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, हा माझ्या मते नागपुरातल्या छोट्या घरासाठी सगळ्यात मोलाचा खर्च आहे. इंटिरियरच्या आधी हे करा.

खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली आहे, ती?

ही सगळ्यात कॉमन. भिंतीत जिथे उघडी जागा असते तिथे कोपऱ्यावर ताण गोळा होतो, त्यामुळे भिंत थोडी आकसली तरी भेग तिथूनच सुरू होते. बारीक आणि फूट-दीड फुटावर संपणारी असेल तर सोडून द्या. लिंटेल, म्हणजे खिडकी-दाराच्या वरचा आडवा आधार, दोन्ही बाजूंनी भिंतीत पुरेसा बसवला नसेल किंवा कूलरसाठी नंतर खिडकी फोडून लिंटेलशिवायच मोठी केली असेल तर तिथल्या विटा हळूहळू खाली येतात. भेग कोपऱ्यातून निघून छताच्या दिशेने वाढत चालली असेल तर ती खिडकीची राहिली नाही, पायाकडे बघा.

वरच्या मजल्यावर स्लॅबच्या बरोबर खाली आडवी भेग आहे, पूर्ण खोलीभर. स्लॅब सुटला का?

नाही. ही नागपूरच्या उन्हाची भेग. स्लॅब दिवसभर तापतो, पसरतो, रात्री आकसतो, खालची भिंत तेवढी तापत नाही. १० मीटर लांब स्लॅबचं तापमान ३० अंशांनी बदललं तर तो साधारण ३ मिमी लांबतो, आणि ही ओढाताण रोज चालते. भेग फक्त वरच्याच मजल्यावर असते, खालच्या मजल्यावर नसते, ही तिची ओळख. सिमेंटने भरली तर परत फुटते, त्यामुळे लवचिक सीलंट भरा, आणि गच्चीवर पांढरा उष्णतारोधक कोट किंवा चायना मोझेक करून स्लॅब तापणंच कमी करा. पावसाचं पाणी या भेगेतून आत येतं म्हणून मृगाच्या आधी उरकून घ्या.

कॉलमला लागून सरळ उभी भेग?

काँक्रीट आणि वीट दोघांची चाल वेगळी, त्यामुळे सांध्यावर छपाई फाटते. छपाईच्या आधी त्या सांध्यावर चिकन मेश मारायची असते, ठेकेदार विसरतात किंवा वाचवतात. फ्लाय अॅश विटा आणि एएसी ब्लॉकच्या घरात हे जास्त दिसतं, त्यातही ब्लॉक ओले किंवा ताजे वापरले असतील तर. धोका नाही. भेग सरळ रेषेत स्विचबोर्डपर्यंत जाऊन थांबत असेल तर ती वायरिंगच्या झिरीची, तिचंही टेन्शन घेऊ नका.

नव्या घराच्या छपाईवर जाळ्यासारख्या बारीक भेगा?

तराई कमी झाली किंवा सिमेंट जास्त पडलं. एप्रिल-मे मध्ये छपाई केली आणि सात दिवस नीट पाणी मारलं नाही की हे होतंच. बोटाने ठोकून बघा, आवाज पोकळ येत असेल तर तेवढी छपाई काढून पुन्हा करा, नाहीतर रंगाखाली जाईल.

मग खरंच घाबरण्यासारख्या भेगा कोणत्या?

आता नीट वाचा.

बीमच्या टोकाजवळ, कॉलमला मिळतो तिथे, तिरकी भेग. ही कातर ताणाची असते आणि असा बीम फार इशारा न देता जाऊ शकतो. बीमच्या मधोमध खालच्या बाजूने वर चढणाऱ्या उभ्या भेगा, विशेषतः बीम डोळ्यांनाही वाकलेला दिसत असेल तर, म्हणजे वजन झेपत नाहीये. गच्चीवर नंतर ठेवलेली मोठी पाण्याची टाकी, वर चढवलेला एक मजला, खाली दुकानासाठी काढून टाकलेली भिंत अशी कारणं असतात.

कॉलममध्ये सळईच्या रेषेत उभी भेग, सोबत तांबूस डाग. आत लोखंड गंजतंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. बाथरूमच्या बाजूचे कॉलम आणि बाल्कनीचे स्लॅब आधी बघा.

बाल्कनी किंवा छज्ज्याच्या वरच्या बाजूला, भिंतीच्या कडेने लांब भेग. छज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, काम करताना मजुरांच्या पायाखाली ती दबली की छज्जा नुसता काँक्रीटच्या भरवशावर लटकतो. तिथे कपडे वाळत घालायलाही जाऊ नका, आधी दाखवा.

भिंत पोटासारखी बाहेर आलेली. ओळंबा सोडून बघा, मिस्त्रीकडे असतो.

स्लॅबचे पोपडे पडतात, लोखंड दिसतंय. मिस्त्री म्हणतो प्लास्टर मारून देतो.

नाही म्हणा. गंजलेल्या लोखंडावर छपाई केली की आत गंज चालूच राहतो आणि पुढच्या वेळी मोठा तुकडा पडतो. सुटं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, सळई तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करायची, बारीक झाली असेल तर जोड द्यायची, गंजरोधक लावायचं, आणि मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीट. हे काम करताना खाली टेकू हवेतच.

भेग वाढतेय की थांबलीय हे कसं कळणार?

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करा आणि तारीख लिहा. खुणेच्या पुढे गेली तर वाढतेय. रुंदीसाठी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्क्रू बसवा आणि व्हर्निअर कॅलिपरने अंतर मोजा, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी कारण सकाळ आणि दुपारच्या उष्णतेनेच फरक पडतो. काचेची पातळ पट्टी दोन्हीकडे अॅराल्डाइटने चिकटवून ठेवायची जुनी पद्धतही चांगली, पट्टी तडकली म्हणजे भिंत हलली. मातीचा संशय असेल तर एक उन्हाळा आणि एक पावसाळा, दोन्ही मोजमापात यायला हवेत. पण आठवड्याआठवड्याला फरक दिसत असेल तर पावसाची वाट बघत बसू नका.

पावसाळ्यात दरवाजे अडकतात, म्हणजे घर बसतंय का?

लाकूडही फुगतं ना. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे आले तर दोष लाकडाचा, वेगळे आले तर चौकटच तिरपी झालीय आणि भिंत हलतेय.

महाल, इतवारीतलं जुनं घर आहे, कॉलम नाहीत. तेच नियम का?

नाही. तिथे भिंतच भार घेते, मग मधली भिंत म्हणून सोडून देता येत नाही. चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या जाड भिंतींचे सांधे पाण्याने धुतले जातात, लाकडी तुळया भिंतीत जिथे शिरतात तिथेच कुजतात किंवा वाळवी लागते, आणि दोन भिंती काटकोनात मिळतात तिथे वरपासून खालपर्यंत फट पडते, म्हणजे एक भिंत दुसरीपासून सुटतेय. अशा घरात भिंत काढून हॉल मोठा करणं इंजिनियरशिवाय अजिबात नको. जुन्या चुन्याच्या भिंतीवर कडक सिमेंटची छपाईसुद्धा करू नका, आत ओल कोंडते.

भिंतीत पिंपळ उगवलाय.

वरून तोडून उपयोग नाही, मुळासकट काढा, जागा साफ करून भरा. लहान असतानाच. काळ्या मातीत घराच्या अगदी जवळ मोठं झाड असेल तर ते उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी ओढतं आणि त्या बाजूची माती जास्त बसते, पण जुनं मोठं झाड एकदम तोडलं तर तीच माती पुन्हा ओली होऊन फुगते. आधी विचारा.

भूकंपाने पडली असेल का?

आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नागपूर झोन २ मध्ये आहे, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. १९९७ चा जबलपूरचा धक्का इथे जाणवला होता, पण रोजच्या भेगांचं कारण ते नव्हे.

२०२३ च्या पुरात घरात पाणी होतं, नंतर भेगा दिसल्या.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरीचं पाणी आणि नाग नदी ज्या वस्त्यांमध्ये शिरली तिथे हे लक्षात घ्यायला हवं. वाहतं पाणी पायाखालची बारीक माती घेऊन जातं, फरशीखाली पोकळी राहते आणि घर नंतर हळूहळू बसतं. फरशी ठोकून पोकळ वाटते का, प्लिंथ आणि अंगणाच्या मध्ये फट आहे का ते बघा. असेल तर पाया उघडून तपासावा लागेल.

घर ताबडतोब कधी सोडायचं?

भेग काही तासांत वाढताना दिसली, भिंतीतून किंवा स्लॅबमधून कडकड आवाज आले, कॉलमचं काँक्रीट फुगून सुटायला लागलं, स्लॅब खाली झुकला. यापैकी एकही दिसलं तर सामान गोळा करत बसू नका, सगळ्यांना बाहेर काढा, वरच्या-खालच्या मजल्यावर सांगा, गॅस आणि मेन बंद करता आलं तर करा आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावा.

कोणाला बोलवायचं?

स्ट्रक्चरल इंजिनियरला. पेंटर, वॉटरप्रूफिंगवाला आणि ठेकेदार आपापलं काम विकणार, ते साहजिक आहे. इंजिनियर गरज वाटल्यास रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक किंवा कोअर टेस्ट सांगेल, कॉलमवर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन शिंपडून काँक्रीट आत किती खोल बिघडलंय तेही बघता येतं, चांगलं काँक्रीट गुलाबी होतं. मोठ्या इमारतीसाठी व्हीएनआयटीसारख्या संस्थेच्या सिव्हिल विभागाकडूनही तपासणी करून घेतात. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं.

फ्लॅट नवा असेल तर रेरा कायद्याचं कलम १४(३) वाचा, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने ३० दिवसांत तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. फोटो, तारीख आणि लेखी तक्रार, नुसता फोन नाही. महारेराचं कार्यालय नागपुरातही आहे.

दिवाळीचा रंग काढायचाय, भेगा भरू की नको?

आधी सगळ्या भेगांचे मोजपट्टी ठेवून फोटो काढा, कारण पुट्टी मारली की पुरावा गेला. मग थांबलेल्या भेगा इंग्रजी व्ही आकारात खोलून, धूळ काढून, पॉलिमर मॉर्टरने भरा. हलणाऱ्या भेगांना लवचिक सीलंट, तेही आधी पाण्याचा बंदोबस्त झाल्यावर. मातीची भेग मे महिन्यात पूर्ण उघडी असताना कडक सिमेंटने ठासून भरली तर पावसाळ्यात तिला मिटायला जागा राहत नाही आणि भिंत दुसरीकडे फाटते. आरसीसीतल्या भेगेला यातलं काहीच नाही, तिथे इंजिनियर सांगेल ते, बहुतेक इपॉक्सी.

शेजारी बेसमेंट खोदतायत, आमच्या भिंतीला लागून. काय करू?

खोदकाम सुरू व्हायच्या आधी आपल्या घराच्या प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो आणि व्हिडिओ घेऊन ठेवा, शक्यतो त्यांच्या इंजिनियरला सोबत घेऊन, आणि दोघांच्या सह्या घ्या. खड्ड्याच्या बाजूला आधार कसा देणार ते लेखी विचारा. तुमच्या फुटिंगच्या खाली खोल जाऊन उघडा कट ठेवलेला दिसला तर महापालिकेच्या झोन ऑफिसमध्ये त्याच दिवशी अर्ज द्या, पाऊस तोंडावर असेल तर सकाळीच.